आधी भात

पुण्यात कुठल्याही खाण्याची चौकशी करू नये. चांगली मिसळ कुठे मिळते असं सहज विचारलं, तर समोरचा एक नाव सांगतो आणि पुढची दहा मिनिटं तुम्ही आजवर खात होता ती मिसळच नव्हती, हे पटवून देतो. सुशीच्या बाबतीत असं होणार नाही, हा माझा भाबडा समज होता. कच्चा मासा नि आंबूस भात यावर ठाम मत बनवायला पुणेकराला अजून दोन पिढ्या तरी लागतील, असं वाटलं होतं. पहिल्याच दिवशी सोसायटीच्या लिफ्टमध्ये कॅम्पातलं एक, कोरेगाव पार्कातलं एक आणि बाणेरचं एक अशी तीन ठिकाणं कळली. चौथ्या मजल्यावरचे गृहस्थ तर म्हणाले, "पण आता पूर्वीची चव राहिली नाही." पूर्वीची म्हणजे केव्हाची, हे विचारायच्या आत त्यांचा मजला आला.

सुशी नावाच्या मावशीवरून जो विनोद होतो तो प्रत्येकाने एकदा करून मोकळं व्हावं. आमच्याकडे तो आईने केला. पुढे जाऊ.

ही शोधाशोध माझ्या भाचीमुळे मागे लागली. तिने इथे जपानी भाषेच्या परीक्षा दिल्या, चाकणच्या एका जपानी कंपनीत दुभाषी म्हणून लागली आणि कंपनीने तिला वर्षभरासाठी ओकायामाला पाठवलं. निघताना म्हणाली, "मामा, मी दिवाळीला येईन. तोवर पुण्यात एक चांगलं सुशीचं ठिकाण शोधून ठेव. तुला माशातलं कळतं."

मला माशातलं कळतं हे खरं आहे. जन्म मालवणचा. बांगड्याचे कल्ले उचलून आतला रंग बघणं, डोळा फुगीर आहे की बसलेला ते बघणं, पाठीवर बोट दाबून खळगा भरून येतो का ते पाहणं, हे सगळं मी चड्डीत असल्यापासून करत आलोय. सौभाग्यवती मावळातल्या. माहेरी भातशेती, वडील माळकरी, घरात अंडंसुद्धा नाही. शेजारच्याने मासे खाल्ले तर तिची हरकत नसते, आणि लग्नाला सत्तावीस वर्षं झाल्यामुळे तो शेजारचा म्हणजे मीच. तेव्हा सुशीची पारख कोण करणार आणि सोबत कोण येणार, हे आमच्यात न बोलताच ठरलं होतं.

पहिलं ठिकाण दिव्यांच्या माळांचं. कुठल्या भागातलं ते सांगत नाही, तुम्ही ओळखाल. लाकडी नावेत मांडलेली सुशी आली, नावेखालून पांढरा धूर निघत होता. मी माझं शास्त्र काढलं, पण ते लावायला जागाच नव्हती. कल्ले नाहीत, डोळा नाही, पाठ नाही, समोर फक्त एक नारिंगी चौकोन. त्याची खुशाली विचारायची कशी? शेजारी पनीर टिक्क्याची सुशी होती आणि तिच्यावर तिखट मेयॉनीजच्या आडव्यातिडव्या रेघा. (हिरवी गोळी पुदिन्याची चटणी समजून तोंडात टाकण्याचा प्रसंग वाचक इथे अपेक्षित करत असतील. तो घडला नाही. ते काय असतं ते मला माहीत होतं. बहुतेक ठिकाणी तो खरा वासाबीही नसतो, हॉर्सरॅडिश नावाच्या मुळाला हिरवा रंग दिलेला असतो.) मी मासा खाऊन बघितला आणि बरा आहे असं म्हणालो. सौभाग्यवतींनी काकडीची सुशी तोंडात टाकली, दोनदा चावली आणि म्हणाल्या, "अहो, हा भात फ्रिजमधला आहे."

मी म्हटलं, "इथे भात बघायला आलोय का आपण?"

रात्री ओकायामाला व्हिडिओ कॉल लावला आणि धुराच्या नावेचं वर्णन केलं. भाची बराच वेळ हसली. मग म्हणाली, "मामा, मामीला फोन दे." दोघी वीस मिनिटं बोलत होत्या. एवढ्या वेळात सुशी म्हणजे मासा नव्हे, भात, हे आमच्या घरात सिद्ध झालं आणि माझी मालवणी सनद रद्द झाली.

गोष्ट खरी आहे. सुशी हे नाव आंबटपणाचं, आणि तो आंबटपणा भाताचा. मजा अशी की सुरुवातीला हा भात खातही नसत. मासा खारवायचा, शिजवलेल्या भातात दाबून महिनोन्महिने ठेवायचा, भात आंबला की त्यात मासा टिकायचा. मग मासा खायचा नि भात फेकून द्यायचा. म्हणजे आपल्याकडे लोणचं मुरायला मीठ-मोहरी घालतात, तसा तिथे भात. बिवा सरोवराच्या काठी अशी मुरवलेली फुनाझुशी अजून करतात. भाचीने ती एकदा चाखली आणि दोन दिवस त्याविषयी बोलली नाही. पुढे लोकांना एवढा धीर उरला नाही. महिन्यांचे आठवडे झाले, भातही खायला लागले, मग आंबण्याची वाटच कोण बघतो म्हणून भाताला सरळ व्हिनेगर लावायला लागले. १८२०च्या दशकात एदोमध्ये, म्हणजे आजच्या तोक्योत, हानाया योहेई याने हाताने दाबलेल्या भातावर मासा ठेवून द्यायची पद्धत लोकप्रिय केली. तेव्हाचं हे रस्त्यावरचं, उभ्याउभ्या खायचं खाणं. आपल्या वडापावच्या बिरादरीतलं. आज त्याला अंधुक दिवे आणि धुराची नाव लागते.

भाताची कृती मामीने लिहून घेतली. आखूड दाण्याचा चिकट तांदूळ. शिजला की रुंद लाकडी परातीत काढायचा, व्हिनेगर, साखर, मीठ विरघळवून वरून घालायचं आणि चपट्या उलथण्याने कापल्यासारखं परतायचं. ढवळायचं नाही, दाणा मोडतो. दुसऱ्याने तोवर पंख्याने वारा घालायचा. भात गार करायचा नाही, अंगाइतका कोमट ठेवायचा, वर ओलं फडकं. फ्रिजमध्ये गेला की दाणा आतून ताठरतो आणि मग वर कितीही महागाचा मासा ठेवा, खाली खडीच.

"यात नवीन काय आहे?" सौभाग्यवती म्हणाल्या. "आमच्याकडे इंद्रायणी असाच चिकटतो. दहीभाताला भात गरम घेतला तर दही फाटतं आणि गार घेतला तर गोळे राहतात. कोमटच लागतो."

मी निगिरी या शब्दाचा अर्थ विचारून घेतला. निगिरू म्हणजे मुठीत धरणं, दाबणं. म्हणजे आपली मूद. पंक्तीत वाटीने पाडलेली मूद कशी असावी? पानात उभी राहिली पाहिजे आणि वरण पडलं की बोट लावताच सुटली पाहिजे. सुशीवाल्याची परीक्षा नेमकी हीच. बोटांत धरल्यावर तुटू नये, जिभेवर टेकल्यावर टिकू नये. ज्या घरात सासूने सुनेच्या मुदीला नावं ठेवलेली आहेत, त्या घरात या परीक्षेला माणसं तयारच असतात.

माझ्या ताज्या माशाच्या कल्पनेचंही त्याच आठवड्यात बारावं झालं. माझ्या हिशेबी फडफडीत तो ताजा, बर्फातला तो शिळा. पण कच्चा खायचा मासा बऱ्याचदा मुद्दाम गोठवावा लागतो. अमेरिकी नियमावलीत उणे २० अंशांत ७ दिवस असं माप आहे, म्हणजे मग आतले परजीवी मरतात. सॅमन कच्चा खायची तर जपान्यांना सवयच नव्हती, याच भीतीने. १९८०च्या दशकात नॉर्वेवाल्यांनी आपला पाळलेला सॅमन विकायला तिथे मोहीम काढली आणि हळूहळू त्यांच्या गळी उतरवला. आज जगभर सुशी म्हटलं की तो नारिंगी चौकोन डोळ्यापुढे येतो, तो असा अलीकडचा पाहुणा. आपल्याकडे रावसाला इंडियन सॅमन म्हणतात, त्याचं आणि याचं काही नातं नाही. रावस कच्चा मागू नका. बांगड्याचा एक जपानी चुलतभाऊ मात्र आहे, साबा. त्याला आधी मीठ, मग व्हिनेगर लावून मुरवतात. हे ऐकून मला जरा आपल्या माणसात आल्यासारखं वाटलं.

मधल्या दोन ठिकाणांबद्दल लिहिण्यासारखं नाही. एकात आंबा आणि चीज होतं. दुसऱ्यात भात बरा होता, पण गाणी एवढ्या मोठ्याने की सौभाग्यवतींचा निकाल मला ऐकू आला नाही. तो मानेवरून कळला.

जिथे जपानी माणसं जेवतात तिथे जावं, हे आणखी एक ऐकीव शास्त्र. भाचीने तेही मोडीत काढलं. म्हणाली, "आमचे साहेब सुशी खायला नाही येत मामा. ते घरच्या आठवणीने कात्सु करी खातात. सुशी ते सुट्टीत घरी गेल्यावर."

चौथं ठिकाण मला औंधकडच्या एका गल्लीत, जिना चढून वर सापडलं. दुपारचे तीन वाजले होते. दार बंद, दारावर पाटी: दुपारी २.३० ते ६.३० बंद. खाली आणखी एक ओळ: सोमवारी बंद. मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं. दुपारी जो गिऱ्हाइकाला हाकलतो त्याचा माल चांगला असणार, हे पुण्यात राहून मला पक्कं कळलंय. (नंतर कळलं, जपानातही बरीच दुकानं जेवणाच्या दोन वेळांच्या मध्ये बंद असतात. रात्रीचा भात नव्याने लावायचा असतो. आपल्याकडे झोपायचं असतं. परिणाम एकच.)

दिवाळीला भाची आली तेव्हा तिघं गेलो. आठ स्टुलं, एक लाकडी फळी, पलीकडे दार्जिलिंगकडचा एक तिशीतला आचारी. मासळीचा वास कुठेही नाही. होता तो व्हिनेगरचा आणि कोमट भाताचा. तो हात पाण्यात बुडवून टाळी वाजवी, भाताचा बोराएवढा गोळा उचली, डाव्या तळव्यात मासा, त्यावर गोळा, उजव्या हाताची दोन बोटं. दाबलं, उलटलं, दाबलं, फिरवलं, दाबलं, की समोर. सौभाग्यवतींची नजर माशावर नव्हती. लाकडी भांड्यावरचं फडकं तो दर वेळी परत झाकतो का, ते त्या बघत होत्या. झाकत होता.

तिच्यासाठी भाचीने एक गुंडाळी मागवली. काळ्या नोरीच्या आत भात आणि मधोमध तपकिरी, चमकदार असं काहीतरी. शिजवताना माशाचं पाणी वापरलंय का, हे भाचीने आधी खोदून खोदून विचारलं. नव्हतं, फक्त सोयासॉस आणि साखर. "काय आहे हे?" सौभाग्यवतींनी विचारलं.

"कानप्यो. मामी, हा दुधी आहे."

दुधीच. आपल्याच दुधी भोपळ्याच्या जातीचं फळ, त्याच्या लांबच लांब फिती सोलून वाळवतात, मग भिजवून, मीठ चोळून, उकडून गोडसर शिजवतात. तोक्योच्या उत्तरेला तोचिगी नावाचा प्रांत आहे, तिथला हा उद्योग. ज्या भाजीला आमच्या घरात मुलं नाकं मुरडतात तिची वरात सुशीत निघालेली पाहून मी गप्प बसलो. सौभाग्यवतींनी गुंडाळी तोंडात टाकली. आम्ही दोघं तिच्या तोंडाकडे बघत होतो, आणि फळीपलीकडून आचारीही बघत होता, कशाकरता ते त्याला ठाऊक नसताना.

"भात आत्ताचा आहे," ती म्हणाली. आणि बशीतलं आलं चिमटीत धरून, "हे आमच्या लिंबातल्या आल्यासारखंच गुलाबी. कोवळं असलं की होतं."

मग भाचीने ओकायामाची गोष्ट सांगितली. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान आपण पाहिलेलं असतं, ते ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं. मूळ बाग १७०० साली पुरी झाली, तिथल्या इकेदा घराण्यातल्या त्सुनामासाने करवलेली. त्याचे वडील मित्सुमासा फार काटकसरी. त्यांनी हुकूम काढला म्हणे, की जेवणात एक आमटी आणि एकच पदार्थ. लोकांनी हुकूम तंतोतंत पाळला. मासे, कोळंबी, भाज्या, अंडं, सगळं सुशीच्या भातात मिसळलं, काहींनी भाताखाली दडवलं, आणि म्हणाले, हा एकच पदार्थ. त्याला बाराझुशी म्हणतात. ओकायामात सणासुदीला अजून होते.

पुण्याचं मैत्र नेमकं याच गावाशी कसं जुळलं, याचं मला आता अजिबात आश्चर्य वाटत नाही.

बिल आलं तेव्हा माझ्या तोंडून मित्सुमासांची आठवण निघाली. पण पुढच्या महिन्यात परत गेलो, आणि मग परत. दर वेळी सौभाग्यवती आधी चव घेतात आणि मान हलवली की मी मासा मागवतो. एकदा नाही हलवली. त्या दिवशी मी मिसो सूप पिऊन आलो.

पत्ता देत नाही, स्टुलं आठच आहेत. पण तुमच्या गावात तुम्ही असं ठिकाण शोधायला निघालात, तर अत्तर लावून जाऊ नका, आधी काकडीची मागवा, दुधीची मिळाली तर ती मागवा, मासा नंतर. आणि घरात भाताला नावं ठेवणारं जे कोणी असेल त्याला सोबत न्या. सोमवारी मात्र जाऊ नका.