बायझंटाइन कादंबरी : कृती व पथ्ये

आधी शतक ठरवा. साम्राज्य हजारावर वर्षं टिकलं, त्यामुळे निवडीला वाव भरपूर. नवशिक्यानं अकरावं घ्यावं. तिथे कथानक आयतं मिळतं, आपण फक्त कात्री चालवायची.

कारण घडलं तसं लिहिलंत, तर संपादक ‘हे मालिकावाल्यांना द्या’ म्हणेल. सम्राज्ञी झोईचंच पाहा. लग्न पन्नाशीला. १०३४ मध्ये नवरा स्नानगृहात गेला तो गेलाच; सुतकबितक न पाळता बाईंनी मायकेलशी लग्न लावलं. त्याचा भाचा दत्तक घेतला, तोही मायकेल. गादी मिळताच या चिरंजीवांनी १०४२ मध्ये आईचे केस कापून तिला बेटावरच्या मठात धाडलं. कॉन्स्टँटिनोपल खवळलं, बायकासुद्धा रस्त्यावर उतरल्या, चिरंजीवांचे डोळे काढले गेले. झोई परतली, बहीण थिओडोराबरोबर गादीवर बसली आणि जूनमध्ये तिसऱ्यांदा बोहल्यावर चढली. नवरदेवांची रखेलीही पुढे राजवाड्यातच राहायला आली. यातलं निम्मं गाळा. एक मायकेल तर नक्कीच.

राजवाडा म्हटला की आपली लेखणी अत्तराचा फाया शोधते. इथे फाया नको, कारखाना हवा. दरबारी इतिहासकार सेलोस सांगतो, की झोईच्या दालनात शेगड्या धडधडत असत आणि दासी अत्तरं तयार करून कुप्यांत भरत. ऐन उन्हाळ्यातही! इतरांचा जीव नकोसा होई, बाईंना मात्र त्याचं काही नसे. नायकाला प्रेमाची कबुली द्यायची असेल तर इथेच द्यायला लावा, घाम आपोआप फुटेल.

पथ्यं मोजकीच. टोमॅटो, मिरची, बटाटा वर्ज्य. आंबवलेल्या मासळीचा रस मात्र सढळ हातानं वाढावा. पात्रांनी स्वतःला रोमनच म्हणवून घ्यावं. ग्रीक अग्नीची कृती देण्याचा मोह आवरा, ती आजवर कुणाला नीट उमगलेली नाही. गर्जणारे यांत्रिक सिंह नि छतापर्यंत चढणारं सिंहासन खुशाल घ्या, पण पाहुण्याला बेशुद्ध पाडू नका. ९४९ मध्ये आलेला इटालियन दूत लिउतप्रांद मुळीच दचकला नाही. पठ्ठ्यानं आधीच चौकशी करून ठेवली होती.

शेवटच्या प्रकरणात तुर्की तोफा धडाडाव्यात असं फार वाटेल. शहर पडलं २९ मे १४५३ रोजी. तुमची नायिका १०४२ मध्येच चौसष्टीच्या घरात आहे.