एका डावाचे वस्ताद

पुण्यात एके काळी 'येरवड्याला जाणं' ही मिरवायची गोष्ट नव्हती. १८७१ सालचा मध्यवर्ती तुरुंग तिथं, मनोरुग्णालयही तिथंच. त्यामुळे घरातल्या वात्रट कार्ट्याला 'येरवड्याला धाडीन' असा दम दिला, की नेमक्या कुठल्या फाटकातून आत जायचं ते ज्याचं त्यानं समजून घ्यायचं. आता रोज सकाळी हजारो पोरं गळ्यात ओळखपत्राचा पट्टा अडकवून आपल्या पायांनी येरवड्यातल्या आयटी पार्कात येतात. २१ ऑगस्ट २०२४ पासून तर मेट्रोचं स्टेशनही सुरू झालं आहे. त्याच स्टेशनवर शनिवारी सकाळी एक पन्नाशीचे गृहस्थ उतरतात. पाठीला सॅक, हातात मार्करची पिशवी आणि चेहऱ्यावर आज कुणाचं तरी आयुष्य बदलून टाकायचं आहे, असा भाव.

हे मेंटॉर सर.

सर जन्मजात मेंटॉर नव्हते. चिंचवडच्या एका कारखान्यात वीस वर्षं त्यांनी यंत्रांची देखभाल केली. यंत्राला नुसता कान लावून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचे. मग एके दिवशी कुणीतरी वरचा साहेब म्हणाला, "तुम्ही समजावून फार छान सांगता हो." मराठी माणसाला कामातून उठवायला एवढं वाक्य पुरतं. सरांनी तीन दिवसांचा 'ट्रेन द ट्रेनर' कोर्स केला, राजीनामा दिला आणि कार्ड छापलं : मेंटॉर, कोच, फॅसिलिटेटर. तेव्हापासून त्यांनी एकही बेअरिंग पाहिलेलं नाही.

कार्डावरच्या मधल्या शब्दासाठी बरेच कष्ट पडले. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन नावाची संस्था कोचला प्रमाणपत्र देते. पहिल्या पायरीलाच किमान ६० तासांचं प्रशिक्षण आणि १०० तासांचा अनुभव लागतो. त्यातले ७५ तास मोबदला घेऊन केलेले हवेत. तास मोजायला माणसं हवीत, म्हणून सरांनी आधी भाच्याला धरलं, मग मेहुण्याला. मेहुण्यानं मोबदला म्हणून मिसळ खाऊ घातली आणि तासभर ऐकून घेतलं. "तुला स्वतःला काय वाटतं?" हा प्रश्न त्याला त्या तासाभरात अकरा वेळा विचारला गेला. अकराव्या वेळी "मला वाटतं, आपण निघावं," असं तो म्हणाला. सरांनी वहीत लिहून ठेवलं, 'क्लायंटला कृतीची दिशा सापडली.'

'मेंटॉर' हा शब्द आला होमरच्या 'ओडिसी'तून, हे सर प्रत्येक वर्गात सांगतात. ओडिसियस ट्रॉयच्या युद्धाला निघाला, तेव्हा घरदार त्यानं मेंटॉर या मित्राच्या हवाली केलं. इथवर सर रंगून सांगतात. पुढचं सांगत नाहीत. पुढं असं होतं, की ओडिसियसच्या घरात शे-सव्वाशे आगंतुक वर्षानुवर्षं फुकट जेवत बसतात, मेंटॉरच्यानं त्यांना आवरणं होत नाही, आणि ओडिसियसच्या मुलाला ऐन वेळी जो मोलाचा सल्ला मिळतो तो मेंटॉरचं रूप घेऊन आलेली अथीना देवी देते. म्हणजे जगातल्या पहिल्या मेंटॉरचं नाव झालं ते दुसऱ्याच्या कामावर. परंपरा जुनी आहे.

वर्ग शनिवारीच असतो. शिकण्यामुळे कामात खंड पडू नये याची कंपनी काळजी घेते. साडेनऊला पोहे, दहाला 'आइसब्रेकर'. भर एप्रिलात, पुण्याचा पारा चाळिशीला टेकलेला असताना, सर आधी बर्फ फोडतात. प्रत्येकानं आपलं नाव सांगायचं आणि आपण कुठला प्राणी आहोत तेही. गरुड, वाघ, घोडा, पुन्हा गरुड. मागच्या रांगेतला एकजण म्हणाला, "म्हैस." का? "शनिवारी तिलाही गोठ्यात बसू देतात." सरांनी टाळ्या वाजवायला लावल्या. ते कशालाही टाळ्या वाजवायला लावतात.

मग आकडे येतात. माणसाच्या बोलण्याचा परिणाम म्हणे शब्दांमुळे ७ टक्के, आवाजामुळे ३८ टक्के आणि चेहरा-हावभावांमुळे ५५ टक्के होतो. हे पटवायला सर पाऊण तास नुसते शब्द वापरतात. आकडे खरे आहेत, पण ते अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाच्या १९६७ मधल्या प्रयोगांतले आणि मर्यादित कामाचे. बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही, आणि तोंडातला शब्द एक व सूर दुसराच असेल तर ऐकणारा कशावर भरवसा ठेवतो, एवढंच तिथं तपासलं होतं. सर्व्हर बंद कसा करायचा हे फक्त हावभावांनी सांगून पाहावं, म्हणजे कळेल.

त्यानंतर 'जोहरी विंडो'. स्वतःबद्दल आपल्याला आणि इतरांना काय ठाऊक आहे, याची चार खणांची खिडकी. पहिली दोन वर्षं सर "आपले जोहरीसाहेब" असा मोठ्या अभिमानानं उल्लेख करत. वर्गातल्या एका जयपूरच्या मुलीनं विचारलं, "सर, ते आमच्याकडचे का?" तेव्हा शोध घेतला. १९५५ मध्ये जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगम या दोन अमेरिकनांनी ही खिडकी मांडली आणि जो नि हॅरी जोडून 'जोहरी' केलं. आपल्याला दिसत नाही पण जगाला दिसतं, असा त्या खिडकीत एक खणच आहे. सर त्यात दोन वर्षं मुक्कामाला होते.

दुपारी मुंबईचे डबेवाले येतात. म्हणजे पडद्यावर. २००३ साली प्रिन्स चार्ल्स त्यांना चर्चगेटला येऊन भेटले, इथपर्यंत गोष्ट पोचते, तेव्हा सरांनी ॲपवरून मागवलेलं जेवण दुसऱ्याच इमारतीत पोचलेलं असतं.

शेवटी फीडबॅक फॉर्म. प्रशिक्षणाचं मोजमाप चार पायऱ्यांनी करावं, असं डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये मांडलं : माणसाला वर्ग कसा वाटला, तो काय शिकला, कामावर परत गेल्यावर त्याचं वागणं बदललं का आणि त्यातून कामाचं काय झालं. सरांच्या फॉर्मवर पहिलीच पायरी असते. 'उत्तम. एसी कमी करावा. पोह्यांना लिंबू हवं होतं.' सरांना पाचपैकी ४.७ मिळतात. बाकीच्या तीन पायऱ्या चढायला लिफ्ट नाही.

चौथी पायरी येरवड्यातच पाहायला मिळते, तुरुंगाच्या भिंतीआड. तिथल्या कारखान्यांत बंदी सुतारकाम करतात, विणतात, छपाई करतात, आणि माल विक्री केंद्रात बाहेरच्या गिऱ्हाइकासमोर येतो. खुर्ची डुगडुगली, की शिकवणं कच्चं. फॉर्म भरून घ्यायची गरज नाही. याच तुरुंगातून १९३० साली गांधीजी दर मंगळवारी साबरमतीच्या आश्रमवासीयांना एकेका व्रतावर पत्र लिहीत. त्याचं पुढं 'मंगल प्रभात' हे छोटंसं पुस्तक झालं. विषय सत्यापासून शरीरश्रमापर्यंत. आठवड्याला एक पत्र, एक विषय, पोहे नाहीत.

तालमीतला वस्ताद पोराला सगळे डाव शिकवतो आणि एक राखून ठेवतो, असं म्हणतात. मेंटॉर सरांपाशी राखायला काही नाही. त्यांच्याकडे एकच डाव आहे. तो ते बँकेत शिकवतात, हॉस्पिटलात शिकवतात, सॉफ्टवेअरवाल्यांना शिकवतात. खरं शिकवणं सोमवारी होतं. इंजिनिअरिंगला 'केटी लागली' म्हणजे विषय राहिला; कंपनीत 'केटी दिली' म्हणजे जाणाऱ्यानं येणाऱ्याला काम समजावलं. ही दुसरी केटी देते दोन वर्षं आधी लागलेली एखादी मुलगी. खुर्ची ओढून शेजारी बसते आणि म्हणते, "हे बघ, हे बटण कुणीही सांगितलं तरी दाबायचं नाही. मी एकदा दाबलंय." वीस मिनिटं. तिच्या पदात मेंटॉर हा शब्द नाही आणि वार्षिक मूल्यमापनात ती वीस मिनिटं कुठल्याच रकान्यात बसत नाहीत.

परवाच्या शनिवारी वर्ग संपवून सर फाटकापाशी रिक्षाची वाट पाहत होते. तिथले वयस्क सुरक्षारक्षक एका नव्या पोराला काम शिकवत होते. आधी विचारलं, "कुठं केलंयस का असलं काम?" मग एका गाडीची डिकी स्वतः उघडून दाखवली. दुसरी त्याला उघडायला लावली. तिसऱ्या गाडीला स्वतः चार पावलं मागं जाऊन उभे राहिले आणि नुसतं बघत राहिले. तयारी, दाखवणं, करून घेणं, मागोवा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं कारखान्यांतल्या १६ लाखांहून अधिक मुकादमांना जी कामाच्या जागची शिकवण दिली, तिच्यातल्या काम शिकवण्याच्या नेमक्या याच चार पायऱ्या. शिकणाऱ्याला आलं नाही तर दोष शिकवणाऱ्याचा, हा तिथला नियम.

सर ते पाहत राहिले. बेअरिंगचा आवाज ऐकताना जसे व्हायचे तसे मान तिरकी करून, अगदी गप्प. रिक्षा येऊन गेली. काकांनी त्या पोराला आणखी दोन गाड्या करायला लावल्या, तरी सर तिथंच. मग त्यांनी मोबाईल काढून फोटो घेतला.

पुढच्या शनिवारी तो फोटो चौतिसाव्या स्लाईडवर होता. सरांनी त्यावर पंचवीस मिनिटं व्याख्यान दिलं. सुरक्षारक्षक काका त्या वेळी फाटकावर होते. त्यांना वर्गाला बोलावलेलं नव्हतं.