नाकेदार

मुंबईच्या उपनगरांतील सहकारी गृहनिर्माण संस्थांत सचिव, खजिनदार आणि वर्गणी थकविणारा सभासद ही तीन सनातन पदे असतात; परंतु गेल्या काही वर्षांत तेथे एक चौथे पद निर्माण झाले आहे, ज्याचा उल्लेख उपविधींत नाही, ज्याची निवडणूक होत नाही, आणि जे भूषविणारा गृहस्थ अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत व घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत हटकून आढळतो. तो बहुधा सेवानिवृत्त असतो, चष्मा नाकाच्या शेंड्यावर वागवितो, आणि आंतरजालावरील कोणतेही पान उघडले की त्या पानाने आपल्याबरोबर आणखी कोणाकोणाला आत आणले आहे याची झडती घेतल्यावाचून त्यातील एक ओळही वाचीत नाही.

या जातीचा अव्वल नमुना आमच्या सुदैवाने मुलुंड पूर्वेस, आमच्याच इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर नांदतो. उमेदीची सारी वर्षे त्यांनी महापालिकेच्या जकात नाक्यावर काढली. ट्रकची ताडपत्री वर करावी, बिल्टीवरील मजकूर आणि आतील माल यांचा मेळ घालावा, आणि मेळ बसला तरी तो इतक्या सहज कसा बसला याविषयी मनात किंतु बाळगावा, असा त्यांचा शिरस्ता होता. पुढे १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर अमलात आला, मुंबईची जकात इतिहासजमा झाली, आणि मुलुंड, दहिसर, मानखुर्द येथील नाक्यांवरून ट्रक कोणाचीही तमा न बाळगता धावू लागले. सरकारने नाका बरखास्त केला, पण नाकेदाराच्या अंगी मुरलेला नाका कोणत्या कायद्याने बरखास्त व्हावा? त्यांनी तो उचलला आणि थेट आपल्या संगणकाच्या वेशीवर आणून बसविला.

संकेतस्थळाचे पान म्हणजे केवळ मजकूर व चित्रे, अशी ज्या भोळ्या जनांची समजूत आहे, त्यांना नाकेदार प्रथम इतिहास ऐकवितात. १९९५ साली नेटस्केप कंपनीतील ब्रेंडन आइक यांनी अवघ्या दहा दिवसांत जावास्क्रिप्ट या भाषेचा पहिला आराखडा सिद्ध केला, आणि तोवर निमूट पडून असलेली पाने वाचकाच्या संगणकात स्वतः कामे करू लागली. नकाशा सरकविणे, अर्जातील चुका दाखविणे ही पुण्यकर्मे ती भाषा करते. आणि वाचक कोठून आला, काय वाचून कोठे गेला, याची चहाडी परस्पर तिऱ्हाइतांकडे करण्याचे पापकर्मही तीच करते. ‘‘दहा दिवसांत!’’ असे म्हणून नाकेदार येथे क्षणभर थांबतात. ‘‘आमच्या खात्यात दहा दिवसांत रजेचा अर्ज मंजूर होत नसे. घाईत जन्मलेल्या गोष्टीची तपासणी सावकाशच केली पाहिजे.’’

ही तपासणी करण्याचे हत्यार म्हणजे नोस्क्रिप्ट नावाचे एक्स्टेन्शन, जे जॉर्जो माओने या इटालियन गृहस्थाने २००५ साली फायरफॉक्स ब्राउझरसाठी तयार केले. ते बसविले की अनोळखी पानांच्या साऱ्या आज्ञावली वेशीबाहेर थोपवून धरल्या जातात. त्याच्यासोबत काही मातब्बर संकेतस्थळांची विश्वासू म्हणून आयती यादी येते; ती यादी नाकेदारांनी, ‘‘वशिल्याचा माल’’ असा शेरा मारून, पहिल्याच दिवशी रद्द केली. विश्वासू आणि अविश्वासू या दोन वर्गांच्या मध्ये तेथे तात्पुरत्या विश्वासाचा एक वर्ग आहे. त्याच्या चिन्हावर इवलेसे घड्याळ असते, आणि ब्राउझर बंद करताच, किंवा मर्जी फिरली तर त्याआधीही एक कळ दाबून, ती सारी परवानगी रद्दबातल होते. नाकेदार केवळ याच वर्गाचा वापर करतात. सकाळी वर्तमानपत्राचे पान उघडावे तो त्याच्या आडून जाहिरातवाले, वाचकसंख्या मोजणारे, समाजमाध्यमांची बटणे लावणारे असे तिऱ्हाईत डझनभराने आत घुसू पाहतात; नाकेदार त्यांतील एकेकाचे नाव लाल बांधणीच्या वहीत उतरवितात, प्रयोजनाच्या रकान्यात प्रश्नचिन्ह काढतात, आणि अखेरीस एकाला तासाभराची मुभा देतात. बातमी वाचून होईतो ती शिळी झालेली असते. पण तिच्यामागून कोणी आत आलेले नाही, या समाधानापुढे ताजेपणाची मातब्बरी ती काय!

त्यांच्या या वर्तनास लोक विक्षिप्तपणा म्हणतात. आम्ही त्यास या शहरातील एका दुर्मीळ निष्ठेचे उदाहरण मानतो. कारण मुंबई उभीच आहे ती कायमच्या तात्पुरतेपणावर. अकरा महिन्यांच्या करारावर आलेला भाडेकरू दरवर्षी नव्या कराराची नोंदणी करता करता केस पांढरे करतो. चाळ पाडली म्हणून चार दिवसांकरिता संक्रमण शिबिरात गेलेल्या कुटुंबात तेथेच मुलांची लग्ने होऊन नातवंडे शाळेत जाऊ लागतात. आणि पावसाळ्यापुरते घातलेले गच्चीवरील पत्रे पुढील पावसाळ्यांचे अध्वर्यू होतात. अशा नगरीत मुदत म्हणजे मुदत, आणि ती सरली की चालते व्हावे, असे मानणारा व तसे प्रत्यक्ष घडवून आणणारा एकच पुरुष आमच्या पाहण्यात आहे. रात्री दहा वाजता ते सर्व तात्पुरत्या परवानग्या रद्द करतात, ब्राउझर बंद करतात, आणि मगच दुधाचा पेला घेतात.

या राज्यव्यवस्थेस घरातून मान्यता नाही. सौभाग्यवतींच्या मोबाईलमध्ये सर्वांना मुक्तद्वार असून, पाककृती मागितली की ती चित्रांसह, गाण्यासह आणि मिक्सरच्या जाहिरातीसह तत्क्षणी हजर होते. ‘‘अहो, त्या एका पानाला तरी कायमचं येऊ द्या,’’ असे त्या कधी काकुळतीने म्हणतात. ‘‘अगं, कायमचं म्हणून आत घेतलेलं पुन्हा बाहेर गेलेलं पाहिलंयस का कधी?’’ असे नाकेदार उत्तरतात, आणि नोकरीच्या शोधात आठवड्यापुरते आलेले त्यांचे मेहुणे, ज्यांनी आता येथील पत्त्यावर आधार कार्ड करून घेतले आहे, वर्तमानपत्र तोंडापुढे धरतात.

गणपतीच्या दिवसांत कोकणात जाणाऱ्या गाडीचे आरक्षण साठ दिवस आधी सकाळी आठ वाजता खुले होते. नाकेदार साडेसातलाच संगणकापुढे बसले. आठ वाजता त्यांनी मुख्य स्थळास मुभा दिली, पान नव्याने उघडले. मग लॉगिनच्या एका आज्ञावलीस मुभा दिली, पान पुन्हा नव्याने उघडले. मग पैसे भरण्याच्या टप्प्यावर एक अपरिचित नाव आडवे आले, त्याची कुळकथा शोधण्यात काही मिनिटे गेली, आणि पान तिसऱ्यांदा उघडले तेव्हा प्रतीक्षायादीचा आकडा तीन अंकी झाला होता. नाकेदारांनी दिलेल्या सर्व परवानग्या शांतपणे काढून घेतल्या. सौभाग्यवतींनी दोघांची तिकिटे फोडणी देता देता मोबाईलवरून काढली होती, ही वार्ता त्यांना जेवणापूर्वी सांगण्यात आली नाही.

त्यांच्या आयुष्यात सुखाचे प्रसंग येत नाहीत असे मात्र नव्हे. रिझर्व्ह बँकेने २०२५ साली सर्व बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव पत्त्यावर स्थलांतर करण्यास ३१ ऑक्टोबरची मुदत घालून दिली, तेव्हा इतर ग्राहकांस त्याची दादही नव्हती. नाकेदारांनी मात्र वहीतील जुन्या पत्त्यांवर तांबडी रेघ ओढून नवे पान आखले, आणि सरकारदरबारी आपल्या विचारांचे कोणीतरी आहे या जाणिवेने ते आठवडाभर पुलकित होते.

आणि त्यांच्या हत्याराची मर्यादा जेथे संपते तेथेही त्यांची वृत्ती कामी येते, हे एका दुपारी दिसून आले. आजचा ठग पानातील आज्ञावलीपेक्षा माणसाच्या भीतीचाच अधिक वापर करतो. नाकेदारांना व्हिडिओ कॉल आला. पलीकडे पोलिसी गणवेशातील एक इसम. तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले आहेत, सबब तुम्हांला डिजिटल अटक करण्यात येत आहे, असे त्याने दरडावले. अशी अटक कोणत्याही कायद्यात नाही, हे ऑक्टोबर २०२४ मध्ये खुद्द पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून सांगितले होते; पण नाकेदारांना त्याचा हवाला देण्याचीही गरज भासली नाही. त्यांनी वही उघडली. पार्सल कोणत्या मार्गाने आले? बिल्टी क्रमांक? मालाची घोषित किंमत? पंचनामा कोणी केला, पंच कोण? आपले ठाणे कोणते, त्याची हद्द मुलुंडपर्यंत कोणत्या आदेशान्वये पोहोचते, आणि त्या आदेशाचा जावक क्रमांक काय? तोतया प्रथम गुरगुरला, मग अडखळला, मग ‘‘साहेब, एक मिनिट,’’ म्हणून विनवू लागला. ‘‘आपणांस बोलण्याची मुभा तात्पुरती होती,’’ नाकेदार म्हणाले, ‘‘ती रद्द करण्यात येत आहे.’’ त्यानंतर त्यांनी फोन बंद करून १९३० या सायबर तक्रार क्रमांकावर रीतसर फिर्याद नोंदविली.

या पराक्रमाने भारावलेल्या कार्यकारी समितीने लगोलग ठराव करून संस्थेच्या कार्यालयातील संगणक एकमताने त्यांच्या ताब्यात दिला. तेव्हापासून त्या संगणकात एकही चोर शिरलेला नाही, आणि सभासदांची वर्गणीही शिरलेली नाही. कारण ज्या पानावरून ती भरावयाची, त्याच्या नावापुढे वहीत ‘‘तूर्त नामंजूर, सबळ कारणांसह पुन्हा सादर व्हावे’’ असा शेरा पडला आहे.