हळू हाका, लोकांना वाटेल आपण पळतोय

माझा पुतण्या बोटीवर आहे. परवा ब्राझीलला, सांतोस बंदराला त्यांची बोट लागली. खाली उतरायला मिळालं, पण बँका बंद आणि अर्धा बाजारही बंद. का, तर म्हणे एका दात उपटणाऱ्याची सुट्टी. त्याला वाटलं गोदीतला माणूस चेष्टा करतोय. हे मी गडग्यापलीकडे इंदूताईंना सांगितलं. त्या अंगणात काजूच्या बिया उन्हात पसरत होत्या.

"चेष्टा कसली? 21 एप्रिल ना? तिरादेंतिसचा दिवस," त्या मान वर न करता म्हणाल्या. शाळेत आयुष्यभर इतिहास शिकवला, त्यामुळे आमच्या वेंगुर्ल्यात कोणाच्या घरी काय शिजतंय यापेक्षा त्यांना दोनशे वर्षांपूर्वी लिस्बनला काय शिजत होतं ते जास्त ठाऊक असतं.

"घोडदळातला साधा हुद्देदार होता तो. जोडधंदा दात काढायचा, म्हणून ते टोपणनाव. तिकडे मिनास जेराइस म्हणून सोन्याच्या खाणींचा मुलूख आहे. निघालेल्या सोन्याचा पाचवा हिस्सा पोर्तुगालच्या राजाचा. पुढे सोनं आटलं, पण सरकारची अपेक्षा आटली नाही. वर्षाला ठरलेलं वजन भरलंच पाहिजे, नाही भरलं तर उरलेलं रयतेच्या घराघरांतून वसूल. ती वसुली 1789 साली होणार अशी आवई उठली आणि काही लोकांनी बंडाचा कट केला. कवी, वकील, पाद्री, जमीनदार. निम्मे तर सरकारचे देणेकरी."

"म्हणजे कर्ज बुडवायला स्वातंत्र्य!"

"बुडवायला बरेच निघाले होते, आणि त्यांतल्याच एकानं आपलं कर्ज माफ व्हावं म्हणून सगळ्यांची नावं सांगितली. बाकीचे गयावया करून आफ्रिकेत हद्दपारीवर सुटले. दातवाला म्हणाला, सगळं मी केलं. 1792 साली रिओत त्याला फासावर दिलं, देहाचे तुकडे करून वाटेवाटेवर टांगले."

"आणि बंड?"

"बंड केव्हाच संपलं होतं. गव्हर्नर हुशार. त्यानं आधी ती वसुलीच रद्द करून टाकली. लोक घरी गेले."

मी म्हटलं, शाळेत तुम्हीच तर शिकवत होता की कर वाढले की वसाहती बिथरतात. बोस्टनचा चहा आणि काय काय. यावर ताईंनी सूप खाली ठेवलं. आता तास भरणार हे मी ओळखलं.

"पुस्तकात जेवढं मावतं तेवढं शिकवलं. अगं, 1773 च्या त्या कायद्यानं अमेरिकेत चहा स्वस्त होणार होता! ईस्ट इंडिया कंपनीला थेट विकायची मुभा दिली म्हणून. पोट दुखलं ते तिथल्या व्यापाऱ्यांचं आणि चोरट्या आयातीवर जगणाऱ्यांचं. कितीतरी वर्षं लंडननं वसाहतींकडे काणाडोळा केला होता, आपापल्या सभा, आपापले कर, सगळं त्यांचं त्यांनी चालवलं होतं. मग 1763 नंतर लंडनला एकदम हिशेब आठवला. पिळल्यानं माणूस कुरकुरतो. उठतो केव्हा, तर हातात आलेलं काढून घेतलं की. ब्राझीलची गोष्ट ऐक, म्हणजे कळेल."

आणि मग जी गोष्ट सुरू झाली ती इतिहासाची कमी आणि एका घराण्याची जास्त होती. मला तशाच आवडतात.

"1785 साली पोर्तुगालच्या राणीनं, मारिया पहिलीनं, ब्राझीलमध्ये कापड विणायलाच बंदी केली. गुलामांच्या अंगावर घालायचं जाडंभरडं तेवढं विणा, बाकी पोर्तुगालहून विकत घ्या. छापखाना नाही, विद्यापीठ नाही. शिकायचं तर समुद्र ओलांडून कोइंब्राला जा. इतकं सगळं असून लोक उठले? एक तो दातवाल्याचा कट, आणखी दोन-चार चकमकी. मग 1807 चा नोव्हेंबर. नेपोलियनची फौज लिस्बनच्या दारात. राणीला तोवर वेड लागलेलं, कारभार मुलाकडे, युवराज जुआंवकडे. त्यानं काय केलं? सगळा दरबार, दप्तरं, दागदागिने, आई, बायको, पोरं जहाजांवर चढवली, इंग्रजांचं आरमार सोबतीला घेतलं आणि थेट ब्राझील. धक्क्याकडे जाताना ती वेडी राणी गाडीवानाला म्हणाली म्हणे, हळू हाका, लोकांना वाटेल आपण पळतोय."

"वेडी कशी म्हणायची तिला?"

"तेच तर! त्या घरात शहाणं बोलणारी ती एकटीच होती. सून कार्लोता, स्पेनच्या राजाची मुलगी, तिला तर ब्राझील म्हणजे शिक्षा वाटे. जहाजावर उवा झाल्या म्हणून बायकांनी डोकी भादरून घेतली, आणि त्या तशा उतरल्या तेव्हा रिओतल्या बायकांना ती नवी फॅशन वाटली, असंही सांगतात. खरंखोटं त्या उवांना ठाऊक. पण रिओत घरं बळकावली ते खरं. दरबाऱ्यांना राहायला जागा हवी, म्हणून ज्या घरावर डोळा त्याच्या दारावर युवराजाच्या पदवीची दोन अक्षरं काढायची. मूळ मालकानं सामान उचलायचं. लोकांनी त्या अक्षरांचा अर्थ लावला: चालते व्हा रस्त्यावर."

"मग तेव्हाच का नाही चिडले?"

"चिडले. पण बदल्यात काय मिळालं बघ. 1808 च्या जानेवारीत जुआंव बाहियाला उतरला आणि आठवड्याभरात बंदरं मित्रराष्ट्रांच्या जहाजांना खुली. तीनशे वर्षांची लिस्बनची मक्तेदारी एका सहीत गेली. आईनं घातलेली कारखानदारीची बंदी मुलानं उठवली. छापखाना आला, बँक आली, वनस्पतिबाग आली, वरिष्ठ न्यायालयं आली. साखरेच्या मळेवाल्याला दरबारात मुजरा करता येऊ लागला, किताब मिळू लागले. 1815 साली तर ब्राझीलला राज्याचा दर्जा दिला, पोर्तुगालच्या बरोबरीचा. दाव्यासाठी बोटीनं लिस्बनला जायची गरज उरली नाही, उलट लिस्बनची माणसं अर्ज घेऊन रिओला येऊ लागली."

इथे ताई थांबल्या, कारण मांजर बियांवरून चालत गेलं. मला वाटतं, गोष्टीचा मर्मबिंदू आला की त्या मुद्दाम थांबतात. शाळेतली सवय.

"आता लिस्बनमध्ये बसून विचार कर. फ्रेंच गेले, नेपोलियन 1815 ला संपला, तरी राजा झालेला जुआंव परत येईना. त्याला रिओ मानवलं होतं. पोर्तुगाल जगाला जे विकत होता त्यातला मोठा हिस्सा ब्राझीलची साखर, कापूस, कातडी. ते सगळं आता परस्पर लंडनला. शिवाय 1810 च्या तहानं ब्राझीलमध्ये इंग्रजी मालाला जकात 15 टक्के, आणि खुद्द पोर्तुगालच्या मालाला 16!"

"काय सांगता!"

"आणि देशात सैन्याचा प्रमुख कोण, तर बेरेसफर्ड नावाचा इंग्रज. म्हणजे राजा परदेशात, व्यापार परक्यांकडे, सैन्य परक्याच्या हाती, पैसा समुद्रापार चाललेला. याला काय म्हणतात? पोर्तुगालच वसाहत झाला होता, ब्राझीलची. आधी असंतोष माजला तो तिथे. 1820 मध्ये पोर्तोला उठाव झाला. बेरेसफर्ड नेमका जास्तीचे अधिकार मागायला राजाकडे रिओला गेलेला. परत आला तर त्याला बंदरावर उतरूच दिलं नाही."

हे मात्र मला नवीन होतं. वसाहत मातृदेशाला कंटाळते हे ऐकून होते, मातृदेश वसाहतीला कंटाळून उठतो हे नव्हतं ऐकलं. मी म्हटलं, हे तर आमच्या सासरच्या वाटणीसारखंच झालं. थोरल्यानं मुंबईला बिऱ्हाड केलं, तिथेच सगळं उत्पन्न जायला लागलं, आणि मूळ घरातल्यांना वाटायला लागलं की आपण राखणदार.

"हो. आणि मूळ घरातल्यांनी काय मागितलं? सगळं पूर्वीसारखं करा. पोर्तोचे लोक स्वतःला उदारमतवादी म्हणवत, राज्यघटना हवी, प्रतिनिधींची सभा हवी. सगळं छान. पण स्वातंत्र्य आपल्याला, आणि ब्राझीलला पुन्हा जुनी जागा. जुआंव 1821 ला नाइलाजानं परतला, जाताना बँकेची तिजोरी रिकामी करून गेला. मागे मुलाला ठेवलं, पेद्रूला. निघताना बापानं कानात सांगितलं म्हणे की, ब्राझील वेगळा व्हायचाच असेल तर कुणा उपटसुंभापेक्षा तूच तो घे. पेद्रूनं पुढे बापालाच पत्रात ही आठवण करून दिली."

"बिलंदर दोघेही."

"लिस्बनच्या सभेनं मग हुकूम काढले. रिओची न्यायालयं, खाती बंद. प्रांतांनी थेट लिस्बनशी बोलायचं. आणि पेद्रूनं युरोपात परत यायचं, नाव लपवून इंग्लंड, फ्रान्स, स्पेन फिरायचं, शिक्षण पुरं करायला. लग्न झालेला, पोरंबाळं असलेला माणूस! रिओत ज्यांच्या नोकऱ्या त्या खात्यांत, ज्यांचे दावे त्या न्यायालयांत, ज्यांचा माल खुल्या बंदरातून जाणारा, ते सगळे एका दिवसात देशभक्त झाले. हजारो सह्यांचा अर्ज घेऊन गेले. 9 जानेवारी 1822 ला पेद्रू म्हणाला, मी राहतो. 7 सप्टेंबरला साव पावलूजवळ इपिरांगा नावाच्या ओहोळाकाठी लिस्बनचा आणखी एक खलिता हातात पडला, आणि तिथेच त्यानं स्वातंत्र्य नाहीतर मरण म्हणून जाहीर केलं. चित्रात उमदा घोडा दाखवतात. प्रत्यक्षात खेचर होतं, आणि पोट बिघडलेलं होतं, असं बरोबरचे सांगून गेलेत."

मी हसले, पण एक गोष्ट मला टोचत होती. ज्या राणीच्या राज्यात दातवाल्याला फासावर दिलं तिचाच हा नातू. मग ब्राझील सुटला कोणापासून?

"म्हणूनच तर तिरादेंतिसची सुट्टी पेद्रूच्या घराण्यातल्या सम्राटांच्या काळात नव्हती," ताई म्हणाल्या. "आजीनं फाशी दिलेल्याची पूजा नातवानं कशी करायची? ती आली 1890 ला, राजेशाही गेल्यावर."

"आणि गुलाम? तिसरा माणूस गुलाम होता ना तिथे?"

"जवळजवळ."

"त्यांनी मागितली असेल ना फारकत?"

ताई जरा वेळ बिया निवडत राहिल्या. मला वाटतं हा प्रश्न त्यांनी आधी विचारायला हवा होता, मी नाही. "मळेवाल्यांच्या डोळ्यांसमोर हैती होतं," त्या म्हणाल्या. "1804. गुलामांनीच मालकांना हाकलून देश केलेला. म्हणून तर त्यांना राजपुत्र हवा होता. शेजारी स्पेनच्या वसाहतींत वर्षानुवर्षं लढाया चालल्या, तुकडे पडले, प्रजासत्ताकं झाली. यांना लिस्बन नको होतं, पण मळ्यावरची सकाळ जशीच्या तशी हवी होती. बाहियात आणि उत्तरेत लढाई झाली, नाही असं नाही. त्यात काळे, मिश्र रक्ताचे लोक लढले, मेले. स्वातंत्र्य मालकांचं."

मग गोवा निघाला. आमच्या गडग्यावर कुठलीही गोष्ट शेवटी रेडीच्या पलीकडे उतरतेच. काजू, अननस तिकडचे. फणस आपला तिकडे गेलेला. पण ताईंना फळांत रस नव्हता. "त्या दातवाल्याच्या दोन वर्षं आधी, 1787 ला, कांदोळीला पिंटोंच्या घरी कट शिजला होता. त्याच राणीच्या राज्यात. गोंयकार पाद्री कितीही शिकला तरी बिशप होणार नाही, शिपाई कितीही लढला तरी वर चढणार नाही. कट फुटला, पंधरा जणांना पणजीत मारलं. 1822 ला लिस्बनच्या सभेसाठी गोव्यातूनही प्रतिनिधी निवडले, त्यांतला एक बेर्नार्दो पेरेस द सिल्व्हा. पुढे 1835 ला तोच गोव्याचा मुख्य अधिकारी झाला, तर त्याला गोऱ्या लष्करानं काही दिवसांत हुसकावून लावलं."

"हातात दिलेलं काढून घेतलंच की. मग गोवा का नाही उठला, तुमच्या नियमानं?"

"नियम कसला, मी वेधशाळा आहे का?" ताई चिडल्या. "गोव्याकडे काय होतं? ना सोनं, ना खुल्या बंदरातून वाढलेला मळेवाला, ना पळून आलेला राजा. रागावर देश होत नाही. गोवा सुटेपर्यंत 1961 उजाडलं, आणि तेही बाहेरून सैन्य आलं तेव्हा."

मला हे अर्धंच पटलं. राग असतो तिथे राग असतो, मळे असोत नसोत. पण वादात न पडता मी विचारलं की पोर्तुगालनं ब्राझील गेला हे मान्य कधी केलं.

"1825. पैसे मोजून घेतले. 20 लाख पौंड. त्यातले बरेचसे म्हणजे पोर्तुगालचं लंडनचं कर्ज ब्राझीलनं अंगावर घ्यायचं, बाकी जुआंवच्या मालमत्तेचे. ब्राझीलकडे कुठले पैसे? त्यांनी लंडनहूनच कर्ज काढलं. मध्यस्थ इंग्रज, सावकार इंग्रज. शिवाय म्हाताऱ्यानं स्वतःलाही ब्राझीलचा सम्राट हा किताब लावून घेतला, मानापुरता. आणि एक कलम मजेचं: दुसरी कुठली पोर्तुगीज वसाहत ब्राझीलला येऊन मिळायला निघाली तर ब्राझीलनं तिला घ्यायचं नाही. अंगोलाची भीती होती. गुलामांचा धंदा असा घट्ट होता की तिथले व्यापारी लिस्बनपेक्षा रिओच्या जवळचे."

"आणि पेद्रू सुखानं नांदला?"

"नऊ वर्षं. मग लोकांना तोच फार पोर्तुगीज वाटायला लागला. 1831 ला गादी सोडून युरोपात गेला, पोर्तुगालची गादी मुलीला मिळावी म्हणून सख्ख्या भावाशी लढायला. मागे पाच वर्षांचा मुलगा ठेवला, सम्राट म्हणून."

"पाच वर्षांचा? आणि तो टिकला?"

"1889 पर्यंत. भला माणूस, पुस्तकवेडा. 1888 मध्ये तो युरोपात असताना मुलीनं सही केली आणि गुलामगिरी उठली, मळेवाल्यांना एक पैची भरपाई नाही. त्यांनी गादीकडे पाठ फिरवली. दीड वर्षात सैन्यानं त्याला बोटीवर बसवून युरोपला पाठवून दिलं, तेही रात्रीचं, गर्दी जमू नये म्हणून."