अधिकात अंदमान नको

“काकू, बातमी आहे! आमचे दोघं अंदमानला निघालेत.”

“कोण दोघं? तू आणि भाऊसाहेब?”

“अहो, रोहन आणि सायली! लग्नाचा पहिला वाढदिवस ना.”

वत्सलाकाकूंनी मान वर केली नाही. संक्रांत नुकतीच झाली होती, साताऱ्यात पावट्याचे दिवस होते, आणि काकूंच्या मांडीवरच्या ताटात शेंगांचा ढीग होता. कुंपणाच्या अलीकडे काकू, पलीकडे नलूवहिनी, मधे तारेची जाळी. कॉलनीतली निम्मी लग्नं या जाळीवरच जमली असं लोक म्हणतात.

“मालदीव, बाली सगळं बघून झालं मोबाइलवर,” नलूवहिनी सांगू लागल्या. “पण सायलीच्या पासपोर्टवर अजून माहेरचंच नाव. म्हटलं, ती भानगडच नको. अंदमान बरं. समुद्र तसाच निळा, आणि हिंदीत बोललं की भागतं.”

“आणि निघणार कधी?”

“लग्नाच्या तारखेलाच. बावीस मे! एजंट म्हणाला, मे महिन्यात घेतलंत तर डिसेंबरच्या निम्म्या भावात हॉटेल देतो. उद्या ॲडव्हान्स द्यायचाय.”

आता मात्र काकूंनी चष्म्यावरून पाहिलं. “निम्म्या भावात का देतोय, ते विचारलंत?”

“का म्हणजे? ओळख आहे आमची.”

“ओळखीनं शंभर-दोनशे सुटतात गं, निम्मे नाही. तुझे भाऊसाहेब मे महिन्यात रोज सकाळी पेपरात आधी काय शोधतात?”

“मान्सून अंदमानात...” नलूवहिनींचा हात तोंडाशी गेला.

“दाखल! केरळात तो एक जूनच्या सुमाराला येतो, अंदमानात त्याच्या आधी. गेल्या साली, २०२५ मध्ये, तर १३ मेलाच तिकडे टेकला होता. म्हणजे बाप इकडे कोरेगावच्या रानात आल्याच्या सऱ्या सोडून पेढे वाटणार, आणि लेक तिकडे हॉटेलच्या खिडकीतून तोच पाऊस मोजत बसणार.”

“खरंच की. लग्नातसुद्धा मांडव गळत होताच.”

“गळत होता? अक्षता टाकायच्या की बादल्या लावायच्या, तेच कळत नव्हतं. तेवढ्या पावसानं हौस फिटली नाही का तुमची?”

“पाऊस काय हो, नव्या जोडप्याला पाऊसही गोडच लागतो.”

“पावसाचं सोड, बोटीचं बोल. विमान उतरतं पोर्ट ब्लेअरला. आता श्री विजयपुरम म्हणायचं त्याला, २०२४ मध्ये नाव बदललं. पण फोटोतला तो निळा समुद्र असतो हॅवलॉकला, आणि हॅवलॉकला विमान जात नाही. खासगी बोटीनं दीडेक तास, सरकारी बोटीनं अडीच. समुद्र खवळला की बोटी रद्द. मग बसा पोर्ट ब्लेअरच्या खोलीत एकमेकांची तोंडं बघत. आणि हो, तिकिटावर हॅवलॉक नसतं, स्वराज द्वीप असतं. नीलला शहीद द्वीप. २०१८ पासून. नाहीतर रोहन धक्क्यावर हॅवलॉकची बोट शोधत फिरायचा.”

“काकू, तुम्हाला एवढं कसं माहीत?”

“भाचा जाऊन आला माझा.”

“कुठला भाचा?”

“मालवणचा. तू नुसती उभी राहू नकोस, घे चार शेंगा सोलायला.”

जाळीच्या भोकातून पावट्याच्या शेंगा पलीकडे गेल्या.

“आता दुसरं,” काकू म्हणाल्या. “यंदाचं कालनिर्णय नीट उघडलंस का? १७ मे ते १५ जून काय आहे?”

“काय आहे?”

“अधिक ज्येष्ठ.”

“अगंबाई! धोंड्याचा महिना!”

“लग्नानंतरचा पहिलाच अधिक. सायलीच्या आईनं ३३ अनारशांसाठी आत्तापासून तांदूळ हेरून ठेवले असतील. वाण द्यायला ताट मांडून बसायचं, आणि जावई कुठाय? तर अंदमानात, रेनकोट घालून.”

“विहीणबाई म्हणतील, मुद्दामच पाठवलं आम्ही.”

“म्हणतीलच. मीसुद्धा म्हणेन.”

नलूवहिनींच्या हातातली शेंग तशीच राहिली. “मग जायचं तरी कधी? तिकडे डिसेंबर ते एप्रिल बरा म्हणतात. डिसेंबर तर गेला.”

“फेब्रुवारी आहे की! वाढदिवस मेमध्ये घरी करा, आमरसपुरी करा, अनारसे खा. समुद्र काय तुमची लग्नपत्रिका बघून शांत होणारेय? तो शांत असेल तेव्हा आपण जायचं. १४ फेब्रुवारीला निघू दे त्यांना.”

“काकू! १५ला महाशिवरात्र.”

“बरं मग? शंकर काय फक्त यवतेश्वरलाच आहे? उपासाला नारळ आणि केळी तिकडे हवी तेवढी.”

“आणि १७ला अमावास्या!”

“ती तर मुद्दाम धरलीय.”

नलूवहिनी जाळीला आणखी टेकल्या. अमावास्या मुद्दाम धरणारं माणूस त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं.

“आम्ही दर्याकाठची माणसं,” काकू म्हणाल्या. “अमावास्या-पुनवेला उधाण. भरती मोठी, तशी ओहोटीही मोठी. नीलला दगडाची एक नैसर्गिक कमान आहे, तिच्याशी जायचं तर ओहोटीच लागते. पाणी हटलं की खडकांच्या डबक्यांत मासे, खेकडे, प्रवाळ, सगळं चालता चालता दिसतं. मालवणला तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमी असली तर सहा वाजता. तिकडे हा हिशेब चालायचा नाही, तिथल्या माणसाला विचारायचं. पण उधाणाची ओहोटी मोठी, हे सगळीकडे सारखंच. दुसरं म्हणजे काळोख. पाण्यात डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव असतात. काळोख्या रात्री पाणी हलवलं की निळं चमकतं. चांदणं असलं की ते फिकं पडतं. दिसेलच अशी खात्री नाही, पण दिसलं तर अमावास्येच्या आसपासच.”

“अमावास्येच्या रात्री पाण्यात? नव्या सुनेला? नको बाई.”

“सून तुझी आयटीत नाइट शिफ्ट करते, नलू.”

यावर उत्तर नव्हतं. नलूवहिनींनी दोन शेंगा निमूट सोलल्या.

“आणि त्यांना सांग, संध्याकाळ लवकर धरा,” काकूंचं चालूच होतं. “आपल्याकडे फेब्रुवारीत सूर्य पावणेसातपर्यंत रेंगाळतो. तिकडे घड्याळ आपलंच, पण देश पार पूर्वेला. साडेपाचच्या आत बुडतो. हॅवलॉकचा राधानगर किनारा सूर्यास्तासाठी, तिथे चारलाच पोचायचं. रोहनला साडेपाचला चहा पिऊन निघायची सवय आहे, तो काळोखच बघायचा. उगवतीसाठी दुसऱ्या अंगाचा काळापत्थर. तिथे मात्र सहाच्या आत.”

“सहाच्या आत रोहन? त्यापेक्षा अमावास्येला चांदणं पडेल.”

“ते सायली बघेल.”

“आणि ते पाण्याखाली जायचं म्हणतायत हो. स्कूबा का काय. आमचा तर संगम माहुलीला पायरीच्या खाली उतरत नाही.”

“पोहता नाही आलं तरी पहिल्या डुबकीला चालतं, शिकवणारा धरून नेतो. आधी तब्येतीचा फॉर्म भरून घेतात, तो खरा भरायचा. सर्दी असली तर उतरायचं नाही, कान दुखतात. आणि पाण्याखाली जाऊन आलं की लगेच विमानात बसायचं नाही, निदान एक दिवस जाऊ द्यायचा. म्हणून आधी हॅवलॉक, मग नील, आणि शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरला. एखादी बोट रद्द झाली तरी विमान चुकत नाही.”

“भाचा फारच हुशार हो तुमचा. बरं, देवघरासाठी एक शंख आणायला सांगते.”

“शंख? किनाऱ्यावरचा शिंपलासुद्धा उचलायचा नाही, प्रवाळाचा तुकडा तर नाहीच. विमानतळावर पिशव्या उघडून बघतात. हवाच असेल तर सागरिका म्हणून सरकारी दुकान आहे, तिथून पावतीसकट घ्यायचा.”

नलूवहिनींनी मागे वळून घराकडे पाहिलं. आवाज उतरवला.

“काकू, एक सांगू? सायलीला अजून माहीत नाही. सरप्राइज आहे. एजंटाला आम्ही चार तिकिटं सांगितलीत.”

“चार?”

“आम्ही दोघंही जातोय. तेवढीच त्यांना सोबत.”

पावट्याचा एक दाणा काकूंच्या बोटांतून निसटून जास्वंदीखाली गेला.

“फिरायची हौस नाही हो मला,” नलूवहिनी घाईनं म्हणाल्या. “आमचे दादा सावरकरांचं ‘माझी जन्मठेप’ मोठ्यानं वाचायचे, आम्ही भावंडं ऐकत बसायचो. सेल्युलर जेलमधली ती कोठडी एकदा डोळ्यांनी बघायचीय. तिथे डोकं टेकायचंय.”

काकू थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “ते बघायलाच पाहिजे. सात इमारती होत्या, आता तीनच राहिल्यात. भाचा सांगत होता, कोठडीच्या दाराची कडी भिंतीत लांब आत नेऊन बसवलीय. गजातून हात काढला तरी पोचू नये म्हणून. एवढा विचार करून बांधलेला तुरुंग. थोरले बाबाराव सावरकर आधीच तिथे होते, तात्याराव १९११ला गेले. दोघं भाऊ एकाच तुरुंगात. इकडे बायका वाट बघतायत. बाबारावांच्या येसूवहिनी तर १९१९ साली वाट बघतच गेल्या, नवऱ्याची भेट नाहीच झाली. तात्यारावांच्या माई त्याच वर्षी अंदमानला गेल्या. आठेक वर्षांनी नवरा दिसला, तोही पहाऱ्यात.”

नलूवहिनींनी पदर डोळ्यांना लावला.

“नवराबायकोच्या भेटीत तिसरं माणूस उभं. ते कोण होतं, सांग बघू.”

“कोण?”

“पहारेकरी. आणि तू तीच नोकरी धरायला निघालीस.”

“काकू!” नलूवहिनी आधी रागावल्या, मग हसू दाबता दाबता ओठ हलले. “मी काय पहारा देणारेय होय?”

“सकाळी सातला दार वाजवून ‘चहा झाला का गं’ विचारशील. आंघोळीला पाणी गरम आहे का, ते बघायला जाशील. रात्री त्या काळोख्या समुद्रावर स्वेटर घेऊन पोचशील. मी ओळखते तुला.”

“स्वेटर तर लागेलच ना, वारं असतं.”

“बघ!”

दोघी हसल्या. मग नलूवहिनी गंभीर झाल्या. “म्हणजे मी जायचंच नाही?”

“जा की! पुढच्या डिसेंबरात तू आणि भाऊसाहेब जा. ती कोठडी घाईनं बघायची गोष्ट नाही. तासभर बस, वडिलांची आठवण काढ. सून बोटीसाठी खोळंबलीय आणि तू डोळे पुसतेयस, असं नको. फक्त जेल कुठल्या दिवशी बंद असतं, ते आधी विचारून घे. भाऊसाहेबांनाही बरं. लग्नाला बत्तीस वर्षं झाली तुमच्या, कुठे नेलंय त्यांनी तुला?”

“ज्योतिबाला. आणि एकदा बाजार समितीच्या सहलीबरोबर हैदराबादला.”

“मग आता ते म्हणतील तेव्हा नाही, तू म्हणशील तेव्हा.”

ही मात्रा बरोबर लागू पडली. नलूवहिनींनी सोललेले दाणे जाळीतून परत दिले, पदर खोचला आणि “एजंटाला आत्ताच फोन करते, दोनच तिकिटं आणि १४ फेब्रुवारी,” म्हणत आत गेल्या.

दहा मिनिटांनी जाळीशी सायली आली. हातात रिकामं भांडं, निमित्तापुरतं.

“आजी, काय झालं?”

“चौदा तारीख. दोघंच.”

“खरंच? मला वाटलं अमावास्येला अडतील.”

“अडल्या होत्या. तुझी नाइट शिफ्ट उपयोगी पडली. आणि ऐक, ही चार तिकिटांची बातमी तुला कुणी दिली हे चुकूनही बोलू नकोस. रोहनच्या पोटात काही राहत नाही, हे त्याच्या आईला कळायला नको.”

“आणि एवढी माहिती तुम्हाला कुठून, असं नाही विचारलं?”

“विचारलं ना! भाचा सांगितला.”

“तुम्हाला भाचा आहे?”

“नव्हता. तुझ्यामुळे झाला. आता त्या सांगतील तेव्हा लगेच हो म्हणू नकोस. शिवरात्रीचं काय, असं म्हणून जरा आढेवेढे घे. नाहीतर संशय येईल.”

सायलीनं भांडं पुढे केलं. काकूंनी ते पावट्यांनी भरलं.

“आजी, तुम्हाला काय आणू तिकडून?”

“तिकडून काही नको. मेमध्ये तुझ्या माहेरून ते ३३ अनारसे येतील ना, त्यांतले चार या जाळीवरून इकडे येऊ देत. भाच्याला फार आवडतात.”