कुंडीतलं हमखास पीक

वऱ्हाडातल्या होतकरू गच्चीबागायतदारांसाठी पेरणीपासून निकालापर्यंतचं संपूर्ण मार्गदर्शन

१. हेच पीक का?

वऱ्हाडात भरवशाचं पीक उरलेलं नाही. कपाशीवर गुलाबी बोंडअळी, सोयाबीनवर पिवळा मोझॅक, तुरीला मर, संत्र्याला फळगळ. यातून वाचलेला माल बाजार समितीत नेला की नेमका त्याच दिवशी भाव पडलेला असतो. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे 8,110 रुपये हमीभाव जाहीर झाला. पण तो पदरात पडायला सातबाऱ्यावर पीकपेरा हवा, नोंदणी हवी, ओलावा 12 टक्क्यांच्या आत हवा आणि मुख्य म्हणजे खरेदी केंद्र उघडं हवं.

गांजाच्या झाडाचं तसं नाही. त्याचा मोबदला संसदेने 1985 सालीच एनडीपीएस कायद्याच्या कलम 20 मध्ये ठरवून ठेवला आहे: दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. पाऊस कमी झाला म्हणून यात कपात नाही. ओलावा मोजत नाहीत, ग्रेड पाडत नाहीत, टोकन घेऊन ट्रॅक्टरच्या रांगेत रात्र काढावी लागत नाही. खरेदी केंद्र स्वतः गाडी करून तुमच्या दारात येतं.

२. प्रेरणेचे स्रोत आणि त्यांची उपयुक्तता

नवशिक्याला प्रेरणा बहुधा कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मिळते. म्युनिकला नोकरीला असलेला भाचा गॅलरीतल्या तीन कुंड्यांचा फोटो टाकतो आणि खाली लिहितो, 'मामा, इथे लीगल आहे'. तो खरंच बोलतो. जर्मनीत 1 एप्रिल 2024 पासून प्रौढ माणसाला घरी तीन झाडं लावता येतात. कॅनडात ऑक्टोबर 2018 पासून साधारणपणे घरटी चार चालतात. मात्र फोटो फॉरवर्ड होतो, कायदा होत नाही. अमरावतीच्या गोपालनगरातल्या गच्चीवर म्युनिकची सवलत मागणाऱ्यास ठाण्यात चहादेखील मिळणार नाही.

वाचनाची आवड असलेले नवशिके इतिहासाकडे वळतात. ब्रिटिश सरकारने 1893 मध्ये गांजा-भांगेच्या चौकशीसाठी आयोग नेमला होता. देशभरातल्या हजाराहून अधिक लोकांच्या साक्षी त्याने घेतल्या. त्यांत वऱ्हाडातल्याही होत्या. मुंबई, सिंध यांच्याबरोबर त्या सातव्या खंडात छापल्या आहेत. माफक सेवनाने विशेष अपाय होत नाही, सरसकट बंदीची गरज नाही, असा त्या आयोगाचा 1894 चा निष्कर्ष. हा अहवाल अवश्य वाचावा. वेळ भरपूर मिळणार आहे. न्यायालयात मात्र 1985 चा कायदा चालतो.

तिसरा स्रोत श्रद्धेचा. शेगावच्या महाराजांच्या चिलमीचा दाखला पोलिसांना देऊ नये. अकोल्याचा हवालदारही गुरुवार करणारा असतो. तो नाव ऐकताच हात जोडतो, 'गण गण गणात बोते' म्हणतो आणि मग पंचनामा पुढे लिहायला घेतो.

३. परवाना

कायदा नीट वाचणाऱ्याला कलम 8 मध्येच अडायला होतं, कारण तिथे गांजाचं झाड लावू नये असं स्वच्छ लिहिलं आहे. चिकाटीचा नवशिका पुढे जातो आणि कलम 14 ला पोचतो. तंतू किंवा बी मिळवण्याच्या औद्योगिक कारणासाठी अथवा बागायती कारणासाठी या झाडाच्या लागवडीस परवानगी देता येईल, असं त्यात म्हटलं आहे. 'बागायती' हा शब्द वाचून तो आनंदाने उठतो आणि कुंड्या आणायला निघतो. त्याने दोन मिनिटं बसावं. परवानगी सरकारने आदेश काढून द्यायची असते, आपली आपण घ्यायची नसते. उत्तराखंडाने असा मार्ग काढला, तोही 0.3 टक्क्यांपेक्षा कमी नशाद्रव्य असलेल्या औद्योगिक भांगेपुरता. तिच्यापासून कापड होतं. ज्यासाठी तुम्ही कुंडी आणायला निघालात, ते होत नाही.

अर्जाचा नमुना हवा असल्यास मोहोळचा अभ्यासावा. ऑगस्ट 2021 मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातील एका शेतकऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लिहिलं की कुठल्याच पिकाला भाव नाही, तेव्हा दोन एकरांत गांजा लावू द्या. 15 सप्टेंबरपर्यंत उत्तर आलं नाही तर परवानगी आहे असं समजून 16 तारखेला लागवड करीन, आणि गुन्हा दाखल झाला तर जबाबदारी प्रशासनाची. अर्जाची भाषा इतकी चोख की कर्जमाफीचे अर्ज लिहिणाऱ्यांनी गिरवावी. जिल्हाधिकारी कार्यालयाने तो अर्ज पोलिसांकडे पाठवला आणि पोलिसांनी प्रसिद्धीचा खटाटोप म्हणून त्याची बोळवण केली. शेतकऱ्याच्या एखाद्या अर्जावर सरकार त्वरेने हललं, असं दुर्मिळ उदाहरण म्हणून तरी तो जपून ठेवावा.

४. बियाणं

बंदी असलेलं बियाणं उजळ माथ्याने पेरण्याची परंपरा अकोला जिल्ह्याला आहे. 10 जून 2019 रोजी अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीर इथे शेतकरी संघटनेच्या लोकांनी परवानगी नसलेलं तणनाशक-सहनशील बीटी कापसाचं बी सर्वांदेखत पेरलं. नवशिक्याने या घटनेवरून चुकीचा धडा घेऊ नये. तिथे शेकडो शेतकरी होते, झेंडे होते, पत्रकार होते आणि मागणी होती. तुमच्या गच्चीवर तुम्ही एकटे आहात, आणि मागणी आहे ती फक्त तुमच्या पोट्ट्याच्या मित्रांची.

शिफारस केलेलं वाण कोणतं, हे विचारायला कृषी विद्यापीठात जाऊ नये. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने 'पीकेव्ही रजत' हा कापूस दिला, 'पीकेव्ही तारा' ही तूर दिली. शिवारफेरीत शास्त्रज्ञ तुमच्या प्रत्येक प्रश्नाचं आस्थेने उत्तर देतील. या एका प्रश्नाला तुमचं नाव आणि गाव विचारतील.

५. जागा, माती, पाणी

काळी माती मे महिन्यात हात जाईल एवढी फाटते आणि जुलैत चपलेसकट माणूस धरून ठेवते. अकोल्याचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या वर खेळतो आणि गच्चीवर कुंडी तापते ती वेगळीच. नळ रोज येत नाही. जो माणूस अंगणातली तुळस मेमध्ये जगवू शकला नाही, त्याने एकदम कायद्याने बंदी घातलेल्या झाडाकडे वळणं हे धाडस म्हणून मोठं असलं तरी शेती म्हणून कच्चं आहे. घरच्या बाईचा पहिला आक्षेपही कायदेशीर नसतो. ती म्हणते, "प्याले पानी नाई अन् तुमी झाडाले टाकून रायले?"

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांसाठी विशेष सूचना. जाणूनबुजून आपली जागा अशा कामाला वापरू देणाऱ्या मालकालाही कायदा कलम 25 खाली धरतो. म्हणजे या लागवडीत घरमालक आपोआप बटाईदार होतो. डिपॉझिट परत मिळण्याची आशा सोडावी.

६. शेजारी व्यवस्थापन

या पिकावरची सर्वांत मोठी कीड म्हणजे शेजारी. तिचा प्रादुर्भाव रोपाला पाचवं पान फुटताच दिसू लागतो, आणि तिच्यावर अजून औषध निघालेलं नाही. पुण्यात शेजारी दार लावून घेतात असं ऐकिवात आहे. अमरावतीत वाळवण घालायला शेजारची गच्ची वापरायची पद्धत आहे.

"काय लावलं बे भाऊ?"

"काई नाई काका, शोचं झाड व्हय."

"शोचं? मंग मांग कावून लपवलं?"

इथे गप्प राहावं. 'आयुर्वेदिक आहे' असं तर चुकूनही म्हणू नये. तसं म्हटल्यास काका गुडघेदुखीसाठी दोन पानं मागतात, काकू साखरेच्या आजारासाठी मागतात आणि आठवड्याभरात गल्लीतलं प्रत्येक दुखणं तुमच्या जिन्यात उभं राहतं. फुलोऱ्यात या झाडाला असा उग्र दर्प सुटतो की तो बडनेऱ्याच्या वाऱ्यालाही आवरत नाही. उदबत्ती लावून उपयोग होत नाही. उलट घरात रोज सत्यनारायण असतो की काय, अशी चौकशी सुरू होते.

खेड्यात गच्चीऐवजी शेतात, पऱ्हाटीच्या नाही तर तुरीच्या ओळींत झाड दडवायचा बेत असेल, तर कलम 47 वाचावं. सरकारी कर्मचारी, पंच, सरपंच आणि गावातला कुठलाही अधिकारी यांना अशी लागवड कळताच खबर देणं कायद्याने बंधनकारक आहे. आता विरोधी गटाच्या सरपंचाला तुमच्याबद्दल एखादं काम कायद्यानेच सांगितलं असेल, तर तो ते किती मनापासून करील याचा अंदाज ज्याचा त्याने घ्यावा.

७. फुलोरा आणि कायद्यातलं वनस्पतिशास्त्र

पपईसारखं या झाडातही नर वेगळा, मादी वेगळी. नवशिका महिनोन्‌महिने निगा राखतो आणि शेवटी कळतं की वाढवला तो नर. बागायतदाराच्या दृष्टीने हंगाम वाया गेला. कायद्याच्या दृष्टीने काहीच वाया जात नाही, कारण लागवडीच्या गुन्ह्याला या वंशातलं कोणतंही झाड चालतं.

इथे हुशार नवशिका एक मुद्दा काढतो. कायद्यातली गांजाची व्याख्या फुलोऱ्याच्या शेंड्यांची आहे. शेंडा सोबत नसेल तर नुसती पानं आणि बी तीत बसत नाहीत. मुद्दा बरोबर आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या जामीन आदेशांतही तो मान्य झालेला दिसतो. फक्त तो जवळ बाळगलेल्या मालाच्या वजनाचा आहे. एक किलोपेक्षा कमी ते अल्प आणि वीस किलोंपेक्षा जास्त ते व्यापारी प्रमाण, ही उतरंड तिथे लागू पडते. लागवडीच्या पोटकलमात अल्प-स्वल्प असा भेद केलेलाच नाही. एक कुंडी असो की एक एकर, पोटकलम तेच. अल्पभूधारकाला बड्या बागायतदाराच्या बरोबरीने वागवणारं दुसरं सरकारी धोरण शोधून सापडणार नाही.

आणि पानांची तेवढी भांग करू, महाशिवरात्रीला उपयोगी पडेल, असा पर्याय मनात आला असेल तर 1949 चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात त्याच वाटेवर उभा आहे. विनापरवाना भांगही चालत नाही.

८. काढणी

काढणी तुम्हाला करावी लागत नाही, मजुरीचा खर्च वाचतो. अमरावती शहरात पोलीस आयुक्तालयाची गुन्हे शाखा येते, अकोल्यात पोलीस अधीक्षकांच्या हाताखालची स्थानिक गुन्हे शाखा. साधारणपणे सूर्योदय ते सूर्यास्त ही वेळ ठरलेली. रात्री यायचं झाल्यास त्यांना कारणं लिहून ठेवावी लागतात. तुमची अंगझडती राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर व्हावी, असं म्हणण्याचा हक्क कलम 50 देतं. आयुष्यात पहिल्यांदाच राजपत्रित अधिकारी तुमच्या कामासाठी जागेवर सापडेल.

मग दोन पंच लागतात. ते बाहेरून आणायची गरज पडत नाही. गुडघेदुखीसाठी पानं मागणारे काका बंडी घालून आधीच जिन्यात उभे असतात. झाडं मुळासकट उपटली जातात, मोजली जातात, वजन होतं. यादी, छायाचित्रं आणि नमुने दंडाधिकाऱ्यासमोर प्रमाणित करून घ्यायची रीत कलम 52-अ मध्ये सांगितली आहे. ज्या झाडाकडे घरातल्या कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं, त्याचे इतके फोटो निघतात की म्युनिकच्या भाच्याने हेवा करावा.

९. काढणीपश्चात व्यवस्थापन

पेपरात फोटो येतो. मधे कुंडी, मागे पथक, तुम्ही खाली मान घालून. वकिलाची फी भागवायला जी दोन एकर जमीन विकायला काढाल, तिच्यात या कुंडीपायी एक तासही कधी पडला नव्हता. लग्नाच्या पोराचं स्थळ मोडतं, कारण पोरीकडचे दर्यापूरचे निघतात आणि पेपर तिकडेही जातो. पीकविमा मिळत नाही.

१०. शंका-समाधान

*प्रश्न: मग नवशिक्याने लावावं तरी काय?*

अंबाडी. झाड उंच, पान हाताच्या पंजासारखं चिरलेलं. लांबून पाहणाऱ्याची पुरती फसगत व्हावी इतकं साम्य, म्हणून तर शास्त्रज्ञांनी तिला 'हिबिस्कस कॅनाबिनस' म्हटलं. वऱ्हाडात ती पिढ्यान्‌पिढ्या पऱ्हाटीच्या धुऱ्यावर उभी आहे. पाल्याची भाजी होते, सालीच्या वाखाचे दोर वळतात, आणि पोळ्याला बैलाच्या गळ्यात पडलेल्या त्या दोरावर कुणी हरकत घेतल्याचं ऐकिवात नाही.

*प्रश्न: अंबाडी लावली तरी शेजारी खबर देतील का?*

देतील. आधीच्या प्रकरणात पंच म्हणून सही केलेली असल्यामुळे त्यांचा आता या विषयाचा अभ्यास झालेला असतो.

*प्रश्न: मग पथक आल्यावर काय करावं?*

वकील करू नये, भाकरी करावी. अंबाडीचं पान तोडून साहेबांना चाखायला द्यावं. आंबट लागलं की निम्मा तपास संपतो. फुलं आली असतील तर फिकट पिवळी पाकळी आणि आतला गडद लाल ठिपका दाखवावा, म्हणजे उरलेला निम्माही संपतो. तोवर आत ज्वारीच्या कण्या घालून भाजी शिजलेली असते. वर लसणाची फोडणी, सोबत भाकर आणि ठेचा. पथकातला अकोल्याचा माणूस ताटावर बसतो आणि विचारतो, "वैनी, थोडीशी डब्यात मिळन का?" एवढा मुद्देमाल मात्र बिनापंचनामा जाऊ द्यावा.