धारक नाना

नानांना सुट्टे पैसे परत द्यायच्या आधी सांगोल्यातला चहावाला मागं गिऱ्हाइकं किती उभी आहेत ते बघून घेतो. दहाच्या दोन नोटा हातात पडल्या, की नाना चष्मा कपाळावर सरकवतात, बंडीच्या खिशातून भिंग काढतात आणि नंबर वाचायला लागतात.

"नाना, खरी हाय वं नोट."

"खरी हाय ते दिसतंय रं. तीच तर अडचण हाय."

असा एक नाना प्रत्येक तालुक्याच्या गावी असतो. कुठे तो निवृत्त मास्तर असतो, कुठे बँकेतला जुना कॅशियर. आमच्या नानांची तीन एकर डाळिंब आहे, त्यामुळे नोटांची प्रतवारीही बागेच्या भाषेत चालते. कोरी करकरीत नोट म्हणजे 'एक नंबर माल'. पिवळट ठिपके असले की 'तेल्या पडलाय'. बंडलाला मारलेल्या पिनेची भोकं दिसली की 'खोडकिड्यानं खाल्ली'. बागेत खरा तेल्या पडला तेव्हा नाना दोन्ही वेळ जेवत होते. पण पाहुण्यांच्या पोरीनं पंचम जॉर्जची चुरगळलेली नोट सरळ व्हावी म्हणून तिच्यावर इस्त्री फिरवली, त्या रात्री त्यांनी ताट बाजूला सारलं.

एकदा डाळिंबाच्या सौद्यात व्यापाऱ्यानं शंभराच्या नोटांचं कोरं बंडल हातावर ठेवलं. बाकीचे शेतकरी थुंकी लावून मोजत होते. नाना वाचत होते. घरी काकूंनी मोजलं, तर अठ्ठ्याण्णव भरल्या.

"दोन कमी हायत."

"ठावं हाय," नाना म्हणाले, आणि त्या दोन नोटांचे नंबर त्यांनी घडाघडा सांगितले. मग तिथंच का बोलला नाहीत, ह्यावर उत्तर असं, की वाचण्याच्या नादात ध्यानातच आलं नाही की ते पैसे आपले आहेत.

नानांच्या डोक्यात इतिहास सालवार नाही, सहीवार आहे. रिझर्व्ह बँक १९३५ साली निघाली, पण तिचा पहिला गव्हर्नर ऑस्बर्न स्मिथ एकाही नोटेवर सही न करता गेला, म्हणून नाना त्याला माणसात धरत नाहीत. बँकेची पहिली नोट १९३८ सालची, पाचाची, तिच्यावर टेलरसाहेबांची सही. त्यांच्यामागून १९४३ ला चिंतामणराव देशमुख आले. इथं नानांचा आवाज चढतो. "चित्र विलायतेच्या राजाचं, छपाई नाशकाची आन् सही महाडकडच्या देशमुखाची! सत्तेचाळीसच्या आधीच निम्मं काम झाल्यालं हुतं बघा."

रुपयाच्या नोटेवर तर त्यांचं स्वतंत्र कीर्तन आहे. पहिल्या महायुद्धात चांदी तुटली म्हणून ३० नोव्हेंबर १९१७ ला ती निघाली, पाठोपाठ १९१८ ला अडीच रुपयांची. रुपयाची नोट आजही रिझर्व्ह बँकेची नव्हे, भारत सरकारची असते. तिच्यावर अर्थसचिवाची सही असते आणि धारकाला अमुक रुपये अदा करण्याचं जे वचन बाकीच्या नोटांवर छापलेलं असतं, ते तिच्यावर नसतं. नानांनी ही माहिती संसारात वापरली आहे. त्यांचे थोरले मेहुणे दर दिवाळीला उसने पैसे परत करतो म्हणतात. नाना त्यांना 'रुपयाची नोट' म्हणतात. बाजारात चालते, पण वचन नाही.

अशा माणसाला भावकीतल्या एका लग्नात आहेर लिहायला बसवलं. अक्षर चांगलं, व्यवहार चोख, म्हणून. माईकवर नाव आणि रक्कम पुकारायची, वहीत लिहायचं, एवढंच काम. पहिली दहा-बारा पाकिटं सुरळीत गेली. मग नानांनी एक पाकीट फोडलं आणि माईकवर ओरडले, "पाचशे एक... थांबा, थांबा! स्टार आलाय, स्टार!"

मांडवातली पोरं पंगतीवरनं उठून फाटकाकडं पळाली. दोन बाया पदर सावरून उभ्या राहिल्या. बँडवाल्यानं आपण होऊन 'झिंगाट' धरलं. वधूपिता हार शोधायला आत गेला.

छापताना बिघडलेल्या नोटेच्या जागी जी बदली नोट घालतात, तिच्या नंबरात एक चांदणी असते. २००६ पासून ही पद्धत आहे. हे नानांनी माईकवरच समजावून सांगितलं, पण तोवर फाटकाजवळ चेंगराचेंगरी झाली होती. नानांनी आपल्या खिशातली पाचशेची आहेरात टाकली, चांदणीची उचलली आणि अदलाबदल वहीत नंबरासकट नोंदवली. हिशोब पैशाला पैसा जुळला. तरी पुढच्या लग्नात त्यांना मठ्ठा वाढायला ठेवलं.

मोबाइलवर व्हिडिओ आल्यापासून दारात माणसंही येतात. ट्रॅक्टरच्या चित्राची पाचाची नोट, म्हणे पाच लाखाला जाते. असल्या थापांना भुलू नका, असं रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगितलं होतं. नाना ते सांगून बघतात. माणूस हलला नाही, तर सहा रुपये देऊ करतात. "पाच मुद्दल, एक व्याज." माणूस नोट छातीशी धरून परत जातो. नाना हा गडी लाख दाबायला बसलाय, असं गावात निम्म्या लोकांचं मत आहे.

त्यांची खरी हौस मात्र नमुना नोटेची. नवी नोट ओळखता यावी म्हणून बँकांना पाठवायची ती. नंबराच्या जागी सगळी शून्यं, अंगावर 'स्पेसिमेन' असा शिक्का, काहींना भोकंही पाडलेली. बाजारात तिची किंमत काही नाही, म्हणूनच संग्राहकांत ती भारी. नानांनी मुंबईला जाऊन एक आणली. काकूंनी ती उलटीसुलटी करून बघितली.

"भोकं पाडल्याली हाय?"

"हां."

"वर सगळी शून्यंच?"

"हां."

"आन् तुमी नोटा मोजून दिल्या?"

नोटबंदीनंतर २०१७ साली कायदा झाला. बंद नोटा बाळगणं गुन्हा, पण साध्या माणसाला दहा ठेवता येतात आणि अभ्यासाला किंवा संग्रहाला पंचवीस. सरकारनं आपल्याला साध्या माणसातून वेगळं काढलं, ह्याचा नानांना केवढा आनंद! त्यांनी मोजून पंचवीस ठेवल्या. पुढं एका संक्रांतीला काकूंच्या इरकलीच्या घडीतून जुन्या पाचशेच्या चार नोटा पडल्या. नानांचा चेहरा उतरला.

"एकोणतीस झाल्या की गं. चार जाळाय लागत्यात."

"कशापायी? तुमच्या पंचवीस तुमच्यापाशी. ह्या माज्या दहातल्या."

नानांनी भिंग काढलं. तिसऱ्या नोटेचा शेवट ७८६ होता. काकूंनी त्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि चारी नोटांची घडी घालून मुठीत धरली. अर्धा तास घासाघीस चालली. सव्वीस होऊ नयेत म्हणून नानांना आपल्या पंचवीसातली एक तिला द्यावी लागली, वर चालू पाचशेच्या चार. काकूंनी त्या चार मोजल्या आणि एकीचाही नंबर न बघता कमरेला खोचल्या. नाना हळहळले.